बाळंतिणीजवळ कोण बसणार?

“दूधच पुरत नाही हिला.” बाळंतपणानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हे वाक्य बाळंतिणीच्या कानावर हमखास पडतं. बोलणारी कधी आई असते, कधी सासू, कधी शेजारच्या खाटेवरच्या लेकीसोबत आलेली अनोळखी बाई. बोलण्यात वाईट हेतू नसतो, काळजीच असते. बाळ रडून लाल झालेलं असतं. छातीशी धरलं की तोंड फिरवतं, धरलंच तर दोन-चारदा चोखून सोडून देतं आणि पुन्हा टाहो फोडतं. बाळंतिणीचे टाके दुखत असतात, डोळ्यांवर झोप असते आणि आपल्याला एवढंही जमत नाही, या विचाराने तिचा जीव अर्धा झालेला असतो. सकाळ होताच कुणीतरी औषधाच्या दुकानातून पावडरचा डबा आणि बाटली घेऊन येतं. बाळ गटागटा पिऊन झोपी जातं. मग सगळ्यांची खात्रीच पटते की दूध खरंच नव्हतं.

बहुतेक वेळा दूध असतं, पण ते बाळाच्या पोटात जात नसतं. या दोन गोष्टींतला फरक त्या रात्री सांगणारं कुणी जवळ असेल, तर पुढचे सहा महिने वेगळे जातात. नसेल, तर आठवड्याभरात आईचं दूध खरोखरच आटू लागतं आणि घरातल्यांचं म्हणणं खरं ठरल्यासारखं दिसतं. हा लेख त्या जवळ बसणाऱ्या माणसाबद्दल आहे. ते माणूस प्रत्येक बाळंतिणीला मिळायला हवं आणि ते देण्याची जबाबदारी आपली सगळ्यांची आहे, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात हा प्रश्न नजरेआड करता येत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, म्हणजे आपली घाटी, १९५६ पासून मराठवाड्याचा आधार आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीच काय, बुलढाण्याकडूनही अडलेल्या बाळंतिणी इथे येतात. प्रसूती विभागाच्या बाहेर चटया अंथरून बसलेले नातेवाईक, भाकरीच्या फडक्याची गाठोडी, गरम पाण्याचे थर्मास हे दृश्य इथल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. आत एका सिस्टरकडे इतक्या खाटा असतात की एका आईजवळ अर्धा तास बसायचं म्हटलं तर बाकीच्यांचं कोण बघणार? खासगी दवाखान्यांत गर्दी कमी असते, पण अर्धा तास बसणारं माणूस तिथेही सहसा मिळत नाही. औषध मिळतं, सलाइन मिळतं, बिल मिळतं. हा अर्धा तास मात्र कुणाच्या कामाच्या यादीत नसतो.

बाळ चोखतं तेव्हा काय घडतं

स्तनाग्र बाळाच्या तोंडात गेलं म्हणजे बाळ प्यायला लागलं, असा सर्रास समज आहे. नेमकी इथेच पहिली चूक होते. बाळाने फक्त स्तनाग्र तोंडात धरलं, तर ते हिरड्या आणि टाळू यांच्यात चेंगरतं. आईला कळ येते, दूध थेंब-थेंब येतं आणि बाळ चिडतं. बाळाने स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाचा मोठा हिस्सा तोंडात घेतला, तर स्तनाग्र आत खोलवर, टाळूच्या मऊ भागाजवळ पोहोचतं. मग जीभ खालून लाटेसारखी हलते, दूध ओढलं जातं आणि आईला दुखत नाही.

बाळाने नीट धरलंय की नाही हे ओळखायच्या चार खुणा परिचारिकांना शिकवल्या जातात. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं असावं. खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. आणि काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठावर जास्त दिसावा, खाली कमी. बाळाला धरण्याच्याही चार खुणा आहेत: मान आणि अंग एका रेषेत, तोंड आईकडे, पोट आईच्या पोटाला लागलेलं आणि सगळ्या अंगाला आधार. पुष्कळ घरांत बाळ उताणं मांडीवर असतं आणि फक्त मान वळवून त्याला पाजलं जातं. मान वळवून पाणी पिऊन पाहिलं तर त्याची अडचण आपल्यालाही कळेल.

बाळ नीट प्यायला लागलं की चोखण्याची लय बदलते. आधी भराभर, मग संथ आणि खोल, मध्येच थांबून गिळल्याचा बारीक आवाज. पाजून झाल्यावर स्तनाग्र गोल राहिलं असेल तर पकड बरोबर होती. चपटं, तिरपं किंवा पांढुरकं दिसलं तर ते चेंगरलं गेलंय. त्यावर मलम लावून भागत नाही, धरण्याची पद्धत सुधारावी लागते.

दूध तयार होण्याचं गणितही साधं आहे. बाळ जितकं ओढून घेईल तितकं नवं तयार होतं. बाळाच्या चोखण्याने आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन स्रवतं, त्याने दूध बनतं. ऑक्सिटोसिन स्रवतं, त्याने पान्हा फुटतो. वेदना, भीती, अपमान यांनी पान्हा अडतो. आपल्या आज्यांनाही हे अनुभवाने ठाऊक होतं. स्तन रिकामे होत नाहीत तेव्हा शरीर दूध बनवणं कमी करतं. म्हणून पकड चुकली की आधी बाळ उपाशी राहतं, मग छाती दाटते आणि शेवटी दूध कमी होतं. वरचं दूध सुरू झालं की बाळ अंगावर कमी पितं आणि आटण्याचा वेग वाढतो. टोमणा आणि डबा, दोन्ही नकळत एकाच दिशेने काम करतात.

गारखेड्यातली ती दुपार

माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, गारखेड्याला आली होती. सिझर झालं. दवाखान्यात बाळाला दोनदा बाटली दिली गेली होती. घरी आल्यावर मुलगी छातीशी आली की पाठ ताणून रडायची. भाचीची छाती दगडासारखी दाटली होती, उजव्या बाजूला चीर पडून रक्त आलं होतं. ताईने डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेपूची भाजी असं सगळं मांडलं होतं. खाऊन दूध वाढेल, एवढं एकच तिला माहीत होतं. भाची मला म्हणाली, “मावशी, ती मला नकोच म्हणते गं.” तिला वाटत होतं की आपलं लेकरू आपल्याला नाकारतंय.

त्याच गल्लीत प्रसूतिगृहात वर्षानुवर्षं काम करून निवृत्त झालेल्या एक सिस्टर राहतात. ताईने त्यांना बोलावलं. त्या आल्या, हात धुतले आणि बाळाकडे न बघता आधी भाचीजवळ बसल्या. “जेवलीस का पोरी? पाणी प्यालीस?” मग गरम पाण्यात पंचा पिळून छातीवर धरला. अंगठा आणि बोटं काळसर भागाच्या मागे ठेवून हलकेच दाबून थोडं दूध काढायला शिकवलं. बोटांवर पिवळसर दाट दूध आलं तेव्हा भाची त्याकडे बघतच राहिली. “हे कुणाचं आहे मग?” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी ते दूध वाटीत घेतलं आणि चमच्याने थोडं बाळाला पाजलं. भुकेने पिसाळलेलं बाळ शांत होईपर्यंत त्यांनी त्याला छातीशी नेलंच नाही. पुढे जे झालं ते मी अगदी जवळून पाहिलं.

बाळाचे कपडे काढून त्याला आईच्या उघड्या छातीवर, अंगाला अंग लावून ठेवलं. वरून ओढणी पांघरली. बराच वेळ कुणी काही केलं नाही. मग बाळ हळूहळू डोकं हलवून शोधू लागलं. सिस्टरांनी भाचीची पाठ उशीला टेकवली आणि डावीकडे पाजायचं म्हणून बाळ उजव्या हातावर घ्यायला लावलं. तळहात बाळाच्या खांद्यांमागे, अंगठा आणि बोटं कानांच्या खाली, मानेला आधार. “डोकं ढकलायचं नाही. ढकललं की ते मागे रेटतं, तुला वाटतं नको म्हणतंय.” डाव्या हाताने स्तन खालून धरून किंचित दाबायला सांगितला, जसा मोठा वडापाव तोंडात जावा म्हणून आपण दाबून धरतो, ओठांच्या रेषेत. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर. वरच्या ओठाला स्पर्श. बाळाने तोंड थोडं उघडलं, भाची पुढे वाकू लागली. “थांब. तू वाकू नकोस, बाळाला आण. तोंड पूर्ण उघडू दे.” पुन्हा स्पर्श. बाळाने जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं आणि त्या क्षणी सिस्टरांनी भाचीचा कोपर पुढे सरकवला. आधी हनुवटी टेकली, मग वरचा ओठ. भाचीने दुखेल म्हणून डोळे घट्ट मिटले होते. दुखलं नाही. खोलीत गिळल्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

त्या दुपारी सगळं सुटलं असं मात्र नाही. डावीकडे जमलं. उजवीकडे चीर भरेपर्यंत दूध काढून वाटी-चमच्याने द्यावं लागलं. रात्री पुन्हा रडारड झाली, एकदा भाचीही रडली. पण आता काय चुकतंय हे तिला कळत होतं आणि घरातही “दूध नाही” हे वाक्य बंद झालं होतं. बारशाला आलेल्या बायकांनी विचारलं, “अंगावर पिते ना?” तेव्हा उत्तर ताईने दिलं, छाती पुढे काढून.

मध, चीक आणि पहिला तास

जन्मल्याबरोबर मध चाटवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. सुश्रुतसंहितेत प्रसूतीनंतर तीन-चार रात्रींनी दूध वाहू लागतं असं नोंदवलं आहे आणि तोवर बाळाला मध-तूप देण्याची पद्धत सांगितली आहे. निरीक्षण बरोबर होतं. भरपूर दूध खरोखरच दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं. पण त्याआधी येणारा पिवळा दाट चीक हेच त्या दिवसांचं अन्न असतं. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर पुरतो आणि तेवढाच येतो. त्यात रोगांशी लढणारी प्रतिपिंडं भरलेली असतात. मधात मात्र बोट्युलिझमचे जंतू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं आज डॉक्टर सांगतात. कितीतरी घरांत चीक पिळून टाकला जायचा आणि तीन दिवस बाळ साखरपाण्यावर राहायचं. त्या तीन दिवसांत बाळाची चोखण्याची उमेदही जायची, आईची छातीही दाटायची.

जन्मानंतरचा पहिला तास तर आणखी मोलाचा. त्या तासात बाळ टक्क जागं असतं, नंतर गाढ झोपतं. त्याला पुसून आईच्या पोटावर ठेवलं, तर ते पाय मारत, वास घेत स्वतः छातीपर्यंत सरकतं आणि स्वतःच तोंड लावतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी हे १९८७ मध्ये नोंदवलं. आपल्याकडे स्तनपानासाठी काम करणाऱ्या बीपीएनआय या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचे डॉ. प्रशांत गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिसेफच्या साथीने त्याची चित्रफीत केली. २००७ मध्ये ती लोकांसमोर आली आणि जगभरच्या प्रसूतिगृहांत दाखवली गेली. आईचे पाय धुवायच्याही आधी बाळ आपलं काम करू शकतं, हे पाहून अनेक डॉक्टरांचेही डोळे उघडले.

प्रत्यक्षात काय होतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या ८८.६ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्या होत्या. तरीही जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेल्या मुलांचं प्रमाण ४१.८ टक्केच होतं. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोहोचली, डॉक्टर हजर होते, तरी निम्म्याहून जास्त बाळांचा तो तास वाया गेला. बाळ वजनकाट्यावर, दुपट्यात, नातेवाइकांच्या हातांत आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर फिरत राहिलं. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या मुलांचं प्रमाण ६३.७ टक्के होतं. या आकड्याने धीर येतो, कारण उशिरा सुरुवात होऊनही बहुसंख्य आया नेटाने टिकतात. सुरुवात वेळेवर झाली तर त्यांचे किती हाल वाचतील!

सिझर, पेटी आणि कापलेली सिरिंज

काही आयांची वाट मुळातच अवघड असते. याच सर्वेक्षणात देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझरने झाल्या होत्या आणि खासगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के. पाठीत इंजेक्शन देऊन सिझर होतं तेव्हा आई शुद्धीवर असते. तिच्या गालाशी, छातीशी बाळ तिथेच नेता येतं. नंतर टाक्यांवर भार नको म्हणून कुशीवर झोपून पाजता येतं, किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे घेऊन त्याला बाजूने धरता येतं. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, पण सांगणारं माणूस हवं.

काहींची स्तनाग्रं आत वळलेली असतात. त्यांना “तुझ्याकडून व्हायचं नाही” असं सरसकट सांगितलं जायचं. कर्नाटकातल्या दावणगेऱ्याच्या डॉ. निर्मला केसरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर १९९३ मध्ये एक अगदी साधा उपाय प्रसिद्ध केला. प्लास्टिकच्या सिरिंजचं सुईकडचं टोक कापायचं, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने आत घालायचा आणि गुळगुळीत बाजू स्तनाग्रावर ठेवून दट्ट्या हलकेच मागे ओढायचा. पाजण्याआधी मिनिटभर असं केलं की स्तनाग्र बाहेर येतं. काही रुपयांची सिरिंज! आज देशभरच्या परिचारिका हा उपाय शिकवतात. ओढायचं किती हे आईनेच ठरवायचं, म्हणजे दुखत नाही.

काही बाळं दिवस भरण्याआधी येतात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो. त्याआधी आलेल्या बाळाला छातीशी धरून उपयोग नाही म्हणून आई निराश होते, पण तिचं दूध काढून नळीने, पालाडाईने म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्याने, वाटी-चमच्याने देता येतं आणि ते त्याच्यासाठी औषधच असतं. आईचं दूध नसेल तर दुसऱ्या आईचं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. त्यामागे एक साधी जाणीव होती: पेटीतल्या बाळाच्या आईला दाराबाहेर उभं करण्याऐवजी आत घ्यायचं, बाळ तिच्या हाती द्यायचं. बाळ पेटीत आहे, आई वॉर्डात आहे आणि आजी जिन्यात बसली आहे, अशा कुटुंबाला सगळ्यांत आधी कळायला हवं की दिवसातून आठ-दहा वेळा दूध काढत राहिलं तर बाळ छातीशी येईपर्यंत ते टिकून राहतं.

जिभेखालचा पडदा घट्ट असेल तर डॉक्टरांना दाखवावं. आणि काही थोड्या आयांना थायरॉइड, संप्रेरकांचा असमतोल, स्तनाची शस्त्रक्रिया, आत राहिलेला वारेचा तुकडा अशा कारणांनी खरोखरच दूध कमी येतं. त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावं लागलं, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बाळ उपाशी ठेवून हट्ट करणं हे स्तनपानाचं समर्थन नव्हे.

काम इथूनच सुरू झालं होतं

या शहराची एक आठवण आपण विसरता कामा नये. वैजापूर तालुक्यातल्या भादली गावात कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी त्या वेळचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी अस्वस्थ झाले. २००२ मध्ये त्यांनी मराठवाड्यात अंगणवाडी आणि आरोग्य खात्याला एकत्र आणून मुलांच्या वजनाची, आजारपणाची, आहाराची खरीखुरी नोंद सुरू केली. त्यातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं, आणि त्याचं काम आपल्याच शहरातून सुरू झालं. हळूहळू मिशनचं सगळं लक्ष गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांकडे वळलं. २००५-०६ मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांत उंची खुंटलेली मुलं ३९ टक्के होती. २०१२ च्या सर्वेक्षणात ती २३ टक्क्यांवर आली. यामागे कारणं अनेक होती, पण सुरुवातीच्या दिवसांकडे नजर वळली की फरक पडतो, हे सरकारी यंत्रणेने इथे स्वतः पाहिलं.

त्या हजार दिवसांमधला जन्मानंतरचा पहिला आठवडा सगळ्यांत नाजूक असतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बाईला शिकवून बाळंतिणीच्या घरी पाठवलं. ती बाळाचं वजन करायची, ताप बघायची, पाजताना बघायची. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या कामाचे निष्कर्ष आले: नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. २०११ पासून तीच पद्धत देशभर आशाताईंच्या हाती आली. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने जायचं असतं. तिसरा आणि सातवा दिवस! पकड चुकण्याचे, छाती दाटण्याचे, बाटली घरात शिरण्याचे नेमके हेच दिवस.

अडचण अशी की पहिलटकरीण माहेरी येते आणि तिची नोंद सासरच्या गावात असते. शहरातल्या खासगी दवाखान्यातून घरी गेलेल्या बाईकडे कुणी फिरकतच नाही. आणि आशा आलीच, तरी वजन करून, कार्ड भरून निघते, कारण तिच्यावर इतर कामांचा डोंगर असतो. पाजताना पूर्ण वेळ बसून बघणं हे कौशल्याचं काम आहे आणि ते शिकवता येतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाने बाळाला आडवं, विरुद्ध हातावर धरून पाजण्याची पद्धत पायरी-पायरीने दाखवणाऱ्या चित्रफिती तयार झाल्या आहेत, मराठीतही आहेत. गारखेड्यात सिस्टरांनी अनुभवातून जे केलं, जवळपास तेच त्यात बारकाईने दाखवलं आहे. साधन तयार आहे, ते वापरायला वेळ आणि माणूस द्यायचं राहिलं आहे.

डबा आणि कायदा

आपल्या देशात बाळांच्या दुधाच्या पावडरीची, बाटल्यांची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे. जागतिक आरोग्य परिषदेने १९८१ मध्ये आचारसंहिता केली, भारताने १९९२ मध्ये कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दवाखान्यात फुकट नमुने वाटायचे नाहीत, डॉक्टरांना भेटी द्यायच्या नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायचं नाही. मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्यासाठी झटणाऱ्यांनी १९९१ मध्ये वर्ध्यात बीपीएनआय ही संस्था स्थापन केली, हेही आपल्या मराठी मुलखाला भूषणच आहे. आजही हा कायदा ठाऊक नसलेले दवाखाने आहेत, दुकानदार आहेत, आणि मोबाइलवरच्या जाहिराती तर घरात येऊन बसल्या आहेत.

कायद्याने डब्याची जाहिरात थांबते, पण रडणाऱ्या बाळापुढे हतबल झालेल्या घराला डब्याऐवजी काय द्यायचं, हे कायदा सांगत नाही. त्यासाठी माणूसच लागतं.

आणि माणसाइतकाच आईला वेळही लागतो. दरवर्षी बीड, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांत ओल्या बाळंतिणीही असतात. संघटित क्षेत्रातल्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. फडावर कोयता चालवणारीला, वाळूजला ठेकेदाराकडे रोजावर जाणारीला ती मिळत नाही. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत, पण फडावर सावलीसुद्धा नसते. बाळाला नीट धरायला शिकवून उपयोग काय, जर त्याला धरायला आईला वेळच नाही? हा प्रश्न आरोग्य खात्याइतकाच साखर कारखान्यांचा आणि कामगार खात्याचा आहे.

घरातल्यांनी काय बघायचं

बाळाला पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका. शू मोजा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू झाली, शी काळी जाऊन पिवळी झाली, तर पोटात दूध जातंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं. ते दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्माइतकं व्हायला हवं. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं, रात्रीचं चुकवू नये. बाळ उठवूनही उठत नसेल, शू थांबली असेल, अंग पिवळं पडत पायांपर्यंत आलं असेल, ताप असेल किंवा वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठा. आईला ताप येऊन छातीचा एक भाग लाल, गरम झाला तरीही; आणि तेव्हाही पाजणं थांबवायचं नसतं.

वडिलांनी बाळाचा ढेकर काढावा, दुपटी बदलावीत, आईसमोर पाण्याचा तांब्या भरून ठेवावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना थोडं थोपवावं. आजीने आपला अनुभव सांगावाच, पण “आमच्या वेळी” या शब्दांनी सुरुवात करू नये.

आता मागण्या. घाटीत, चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, महापालिकेच्या प्रसूतिगृहांत आणि प्रत्येक खासगी दवाखान्यात स्तनपानाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेली, फक्त याच कामासाठी नेमलेली एक तरी समुपदेशक असावी. रात्रपाळीतही असावी, कारण अडचण रात्रीच येते. पहिल्या तासात बाळ आईच्या छातीवर होतं की नाही याची नोंद डिस्चार्ज कार्डावर असावी. किमान एकदा संपूर्ण पाजणं डोळ्यांनी बघितल्याशिवाय आईला घरी सोडू नये. माहेरी आलेल्या बाळंतिणीची नोंद माहेरच्या आशाकडे आपोआप जावी आणि तिसऱ्या व सातव्या दिवसाच्या भेटींसाठी आशाताईंना वेगळा वेळ आणि वेगळा मोबदला मिळावा. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही की महागडं यंत्र लागत नाही.

दवाखाना निवडताना आपण सोनोग्राफी आहे का, एसी खोली आहे का, विमा चालतो का हे विचारतो. यापुढे प्रत्येक घराने एक प्रश्न आणखी विचारावा: बाळाला पाजायला शिकवायला तुमच्याकडे कोण आहे, आणि रात्री दोन वाजता ती मिळेल का? पुरेशा घरांनी हे विचारलं तर उत्तर द्यायला दवाखान्यांना माणूस नेमावाच लागेल. ज्या शहरातून राज्याच्या पोषण मिशनची सुरुवात झाली, त्या शहराकडून एवढी अपेक्षा रास्तच आहे.